गरोदरपणातील वाढता रक्तदाब : रक्ताची तपासणी आधी सांगू शकते का?

सातवा महिना सरत आला की पुष्कळ गरोदर स्त्रियांच्या पायांवर सूज दिसू लागते. घरातल्या जाणत्या बायका म्हणतात, "पहिलटकरणीला येतेच सूज, पाय उशीवर घेऊन पड जरा." बहुतेक वेळा त्यांचे म्हणणे खरे असते. मात्र सूज पायांपुरती न राहता सकाळी उठल्यावर चेहऱ्यावर व बोटांवर दिसू लागली, अंगठी निघेनाशी झाली, जोडीला रक्तदाब वाढलेला असला आणि लघवीतून प्रथिने जात असली, तर ते साधे गरोदरपण राहत नाही. या विकाराला वैद्यकशास्त्रात 'प्रीएक्लॅम्पसिया' म्हणतात. जगभरात शंभर गरोदर स्त्रियांपैकी साधारण दोन ते आठ जणींना तो होतो. वेळेवर लक्ष दिले नाही तर त्यातूनच आकडी येते, मेंदूत रक्तस्राव होतो, यकृत आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. आई व बाळ दोघांच्याही जिवाला धोका निर्माण होतो.

गेल्या काही वर्षांत या विकारासंबंधी एक नवा कागद बायकांच्या फायलींत दिसू लागला आहे. मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत तिसऱ्या महिन्यातली रक्ततपासणी केलेली असते. त्यात 'पीएलजीएफ' नावाचा एक आकडा असतो आणि खाली 'हाय रिस्क' असा शेरा. मुलीचा बाप किंवा नवरा तो कागद पुढे करून विचारतो, "डॉक्टर, बाळात काही दोष आहे का? ठेवायचं की नाही?" हा प्रश्न ऐकला की वाटते, तपासणी करून घेण्यापूर्वी तिचा अर्थ कुणी सांगितला असता तर आठवडाभराची झोप तरी वाचली असती. म्हणून आजच्या लेखात या तपासण्यांविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे. सुरुवातीलाच सांगतो, या तपासणीतील 'हाय रिस्क' म्हणजे बाळातील व्यंग नव्हे. आईला पुढे रक्तदाबाचा हा विकार होण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठी गर्भपाताचा विचार करण्याचे काहीच कारण नाही.

वारेत सुरू होणारे दुखणे

पूर्वी या आजाराला 'टॉक्सिमिया' म्हणत. टॉक्सिन म्हणजे विष. गर्भामुळे आईच्या रक्तात कसले तरी विष उतरते, अशी कल्पना होती आणि ते विष शोधण्यात डॉक्टरांच्या पिढ्या गेल्या. विष सापडेना, तेव्हा ते नावही मागे पडले. पण त्या जुन्या कल्पनेत तथ्याचा अंश होता, हे पुढे दिसेल.

दुखण्याचे मूळ वारेत आहे. बाळ जन्मले आणि वार पडली की हा आजार ओसरू लागतो, हे वैद्यांनी पूर्वीच हेरले होते. गर्भ रुजल्यानंतर पहिल्या काही महिन्यांत वारेतील पेशी गर्भाशयाच्या भिंतीत खोल शिरतात आणि तेथील नागमोडी, अरुंद रक्तवाहिन्यांचे रूप पालटून त्यांना ऐसपैस करतात. शेताला पाणी द्यायचे तर पाट रुंद लागतो, तसेच हे आहे. काही स्त्रियांमध्ये हे रुंदीकरण अर्धवट राहते. सुरुवातीला बाळ लहान असल्याने तेवढ्या रक्तावर भागते. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर त्याची गरज वाढते, वारेला प्राणवायू अपुरा पडू लागतो, आणि मग वार आईच्या रक्तात काही द्रव्ये सोडते. म्हणून बिघाड तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू झालेला असला तरी लक्षणे विसाव्या आठवड्यानंतर, बहुधा सातव्या महिन्याच्या पुढेच दिसतात. मधला जो काळ रिकामा जातो, तेवढ्यात काही सुगावा लागेल का, हाच शास्त्रज्ञांपुढचा प्रश्न होता.

त्यासाठी नाना उपाय करून झाले. बाईला कुशीवरून पाठीवर वळवायचे आणि रक्तदाब किती चढतो ते पाहायचे, अशी एक सोपी चाचणी १९७४ मध्ये अमेरिकेतून पुढे आली व काही काळ फार गाजली, पण भरवशाची ठरली नाही. रक्तातील यूरिक ॲसिड या आजारात वाढते. आपल्याकडे अजूनही ते हमखास तपासले जाते. परंतु आजार होणार की नाही याचे भाकीत त्यावरून करता येत नाही.

गोठवलेल्या रक्ताची गोष्ट

खरा सुगावा २००३ मध्ये लागला. अमेरिकेत बोस्टन येथे काम करणारे भारतीय वंशाचे मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. अनंत करुमांची आणि त्यांचे सहकारी या आजाराच्या स्त्रियांच्या वारेचा अभ्यास करीत होते. त्यांना आढळले की या वारेत 'एसएफएलटी-१' नावाचे एक प्रथिन नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त तयार होते आणि आईच्या रक्तात उतरते. आपल्या रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर निरोगी ठेवण्याचे काम काही वाढ-द्रव्ये करतात. त्यांपैकी वारेत तयार होणारे एक म्हणजे पीएलजीएफ. एसएफएलटी-१ हे या द्रव्यांना वाटेतच पकडून ठेवते. मग अस्तराला पोषण मिळत नाही, रक्तवाहिन्या आखडतात, रक्तदाब चढतो, आणि मूत्रपिंडातील गाळणी गळू लागल्याने लघवीतून प्रथिने जातात. करुमांचींच्या गटाने हे प्रथिन गाभण उंदरिणींच्या शरीरात वाढवून पाहिले, तर त्यांच्यातही रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि मूत्रपिंडातील तसाच बिघाड उत्पन्न झाला. यातील एका वाढ-द्रव्याला अडवणारे बेव्हॅसिझुमॅब नावाचे औषध कर्करोगावर वापरतात. ते घेणाऱ्या रुग्णांनाही रक्तदाब वाढण्याचा आणि लघवीतून प्रथिने जाण्याचा त्रास होतो. म्हणजे जुन्या वैद्यांचे 'विष' अगदीच काल्पनिक नव्हते म्हणायचे.

पण हे प्रथिन आजाराच्या आधी वाढते की नंतर? हे शोधायचे तर निरोगी असतानाचे रक्त हवे. ते मिळाले एका वेगळ्याच ठिकाणी. १९९० च्या दशकात अमेरिकेत साडेचार हजारांवर पहिलटकरणींना कॅल्शियम देऊन पाहण्याचा मोठा प्रयोग झाला होता. कॅल्शियमने हा आजार टळत नाही, असा निराशाजनक निष्कर्ष १९९७ मध्ये निघाला. पण त्या स्त्रियांचे गरोदरपणातले रक्त गोठवून जपून ठेवले होते. तेच काढून तपासले आणि २००४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांना पुढे आजार झाला, त्यांच्या रक्तात एसएफएलटी-१ हे लक्षणे दिसण्याच्या सुमारे पाच आठवडे आधीपासून चढू लागले होते. पीएलजीएफ तर चौथ्या महिन्यापासूनच कमी होते. फसलेल्या प्रयोगाच्या नळ्या कुणी फेकून दिल्या नाहीत, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

तपासण्या दोन, कामे दोन

येथे एक घोटाळा पुष्कळांचा होतो. या द्रव्यांवर आधारलेल्या तपासण्या दोन प्रकारच्या आहेत आणि त्यांचा उपयोग निरनिराळा आहे.

पहिली तपासणी अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान करतात. त्या वेळी बाई ठणठणीत असते. नुसत्या रक्तावर येथे भागत नाही. तिचे वय, वजन, आधीची बाळंतपणे, दोन्ही दंडांवर मोजलेला रक्तदाब, सोनोग्राफीत गर्भाशयाच्या धमन्यांतील रक्तप्रवाहाचे मोजमाप, आणि रक्तातील पीएलजीएफ हे सर्व एकत्र करून संगणकाने धोका काढायचा असतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील डॉ. किप्रोस निकोलाइड्स यांच्या गटाने ही पद्धत बसवली. महिने भरण्यापूर्वीच, म्हणजे ३७ आठवड्यांच्या आत, बाळंतपण करावे लागेल अशा तीव्र आजारापैकी सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया या पद्धतीने आधी ओळखता येतात. त्यासाठी दहा टक्के निरोगी स्त्रियांवरही विनाकारण 'हाय रिस्क'चा शिक्का बसतो. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत होणारा आजार मात्र निम्म्याहून अधिक वेळा निसटतो. म्हणून 'लो रिस्क' असा कागद हाती असलेल्या बाईनेही रक्तदाब तपासणे सोडू नये.

या तपासणीला अर्थ आहे तो पुढच्या उपायामुळे. तो उपाय म्हणजे साधी ॲस्पिरिनची गोळी. ॲस्पिरिनचा इतिहासही गमतीचा आहे. १९९४ मध्ये नऊ हजारांवर स्त्रियांवर झालेल्या 'क्लास्प' नावाच्या चाचणीत ६० मिलिग्रॅमच्या डोसाचा ठळक फायदा दिसला नाही आणि डॉक्टरांचा उत्साह मावळला. पुढे ध्यानात आले की डोस कमी पडत होता आणि सुरुवात उशिरा होत होती. पाट रुंद होण्याचे दिवस निघून गेल्यावर गोळी देऊन काय उपयोग? २०१७ मध्ये 'ॲस्प्री' चाचणीचा निकाल आला. वरील पद्धतीने जास्त धोका आढळलेल्या स्त्रियांना अकरा ते चौदा आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले. गोळी घेणाऱ्या ७९८ पैकी १३ जणींना ३७ आठवड्यांच्या आत हा आजार झाला. खोटी गोळी घेणाऱ्या ८२२ पैकी ३५ जणींना झाला. निम्म्याहूनही कमी! इतक्या स्वस्त गोळीने एवढे काम करावे, ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. मात्र ही गोळी मनाने सुरू करू नये. पोटात व्रण असलेल्या, रक्तस्रावाची प्रवृत्ती असलेल्या किंवा ॲस्पिरिनने दम लागणाऱ्या स्त्रियांना ती चालत नाही.

दुसरी तपासणी उत्तरार्धात, संशय उत्पन्न झाल्यावर करायची असते. रक्तदाब सीमेवर आहे, डोके दुखते आहे, बाळाची वाढ थोडी मागे आहे. अशा बाईला दवाखान्यात दाखल करून घ्यावे की घरी पाठवावे? येथे एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ यांचे गुणोत्तर काढतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १४ देशांत केलेल्या अभ्यासात असे दिसले की हे गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असेल, तर पुढील एका आठवड्यात आजार होण्याची भीती जवळजवळ नाही. शंभरातल्या नव्याण्णव जणी सुखरूप राहतात. उलट ३८ च्या वर गेले, तर पुढील चार आठवड्यांत शंभरातल्या ३७ जणींनाच आजार झाला, उरलेल्या ६३ जणींना झाला नाही. याचा अर्थ नीट समजून घ्यावा. तपासणी 'नाही' म्हणते तेव्हा तिच्यावर बराच विश्वास ठेवता येतो. 'हो' म्हणते तेव्हा ती फक्त सावध करते. तेवढ्यावरून कळा आणण्याची किंवा सिझेरियनची घाई करणे योग्य नाही, कारण आठव्या महिन्यात बाहेर काढलेल्या बाळाचीही काही किंमत मोजावी लागते. इंग्लंडमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पीएलजीएफचा निकाल डॉक्टरांच्या हाती दिल्यावर निदान होण्यास लागणारा वेळ चार दिवसांवरून दोन दिवसांच्या आत आला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा गुणोत्तराच्या तपासणीला मे २०२३ मध्ये परवानगी दिली, तीही रक्तदाबासाठी रुग्णालयात दाखल असलेल्या स्त्रियांकरिताच.

मग आपण काय करावे?

ज्यांना परवडते आणि ज्यांच्या गावाजवळ चांगली सोनोग्राफी होते, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने पहिली तपासणी जरूर करावी. पण तपासणी झाली नाही म्हणून हातपाय गाळण्याचे कारण नाही. पुष्कळ धोका नुसत्या विचारपुशीत कळतो. मागच्या खेपेला रक्तदाब वाढला होता का, आधीपासून रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे का, जुळी आहेत का? यापैकी एका जरी प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल तर ॲस्पिरिनविषयी डॉक्टरांना आपणहून विचारावे. पहिलटकरीण असणे, वय पस्तिशीच्या पुढे असणे, वजन फार असणे, आईला किंवा बहिणीला हा त्रास झालेला असणे, यांतील दोन गोष्टी जुळल्या तरीही विचारावे. यासाठी बाराव्या आठवड्याच्या सुमारास नाव नोंदवलेले हवे. तीन महिने कुणाला सांगायचे नाही, ही आपल्याकडची जुनी रीत इथे नडते. शेजारणीला सांगू नका, पण आशाताईला आणि डॉक्टरांना सांगा.

कॅल्शियमचेही ऐका. ज्या भागात आहारात कॅल्शियम कमी असते, तेथे गोळ्यांचा फायदा होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. अमेरिकन स्त्रियांना तो झाला नाही, कारण त्यांच्या पोटात दूधदुभते आधीच पुरेसे जात होते. आपल्या बायका मात्र चहापुरतेच दूध घेतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगळूर व टांझानिया येथील मोठ्या चाचणीत रोज ५०० मिलिग्रॅमचा डोस १५०० मिलिग्रॅमच्या डोसाइतकाच उपयोगी ठरला. तेव्हा आरोग्य केंद्रातून मिळालेल्या त्या गोळ्या फडताळात पडून राहू देऊ नयेत. मात्र लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये, काही तासांचे अंतर ठेवावे.

सर्वांत मोठी तपासणी अजूनही दंडाला पट्टा बांधून होते. बाईला पाच मिनिटे स्वस्थ बसवून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या पातळीला ठेवून रक्तदाब मोजावा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० वा त्याहून जास्त आला, तर चार तासांनी पुन्हा मोजावा. १६०/११० म्हणजे वाट पाहण्याची वेळ संपली. लघवी तपासायला तर रंग बदलणारी एक पट्टी पुरते. पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून ही तपासणी मोफत होते.

आता आपल्याकडची खरी अडचण. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत चांगली आहे, मुलीला विसावा मिळतो. परंतु सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी माहेरी निघते, नेमका हाच काळ आजार डोके वर काढण्याचा असतो. फाईल सासरी राहते. सुरुवातीचा रक्तदाब किती होता हे माहेरच्या डॉक्टरांना कळत नाही आणि १३० चा आकडा आधीपासूनचा की नव्याने चढलेला, हे ओळखता येत नाही. साडीचोळी विसरली तरी चालेल, माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत हवेच. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची अवस्था याहून कठीण. बीडकडची बाई दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघते ती थेट मार्च-एप्रिलमध्ये परतते. म्हणजे गरोदरपणाचा सगळा नाजूक काळ कोपीवर जातो. मुकादमाने उचल दिली म्हणून तपासणीची तारीख टळत नाही. कारखान्याजवळच्या आरोग्य उपकेंद्रातही तिला तपासून घेण्याचा हक्क आहे, तिथल्या आशाताईला कळवावे.

लक्षणांचीही अशीच गल्लत होते. डोके फुटेल असे दुखते, तेव्हा 'पित्त झाले' म्हणून आले-लिंबाचा रस दिला जातो. बरगडीखाली, उजव्या बाजूला दुखू लागले की 'ॲसिडिटी'. डोळ्यांपुढे काजवे चमकतात किंवा अंधारी येते, ते 'अशक्तपणामुळे'. आणि शेवटी आकडी आली की 'बाहेरचे झाले' म्हणून अंगारा लावायला माणूस धावतो. विसाव्या आठवड्यानंतर यांतले कोणतेही लक्षण दिसले तर आधी रक्तदाब, मग पित्ताचा विचार. आकडी आल्यास बाईला डाव्या कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. दवाखान्यात मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शने देतात. हे जुने, स्वस्त औषध आहे. दहा हजारांवर स्त्रियांवर झालेल्या 'मॅगपाय' चाचणीने २००२ मध्ये दाखवून दिले की त्याने आकडी येण्याचा धोका निम्म्याहून खाली येतो.

हा आजार अशक्त, गरीब बायकांनाच होतो असाही एक समज आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ज्या चौघींनी ४×१०० मीटर रिलेचे सुवर्णपदक जिंकले, त्यांतल्या ॲलिसन फेलिक्सला २०१८ मध्ये तीव्र प्रीएक्लॅम्पसिया होऊन ३२ व्या आठवड्यात सिझेरियन करावे लागले. तिचीच सहकारी टोरी बोवी २०२३ मध्ये आठव्या महिन्यात घरी मृतावस्थेत आढळली. शवविच्छेदन अहवालात संभाव्य कारणांमध्ये एक्लॅम्पसियाचा उल्लेख होता. जगातल्या सर्वांत धडधाकट बायकांची ही कथा.

बाळंतपण झाले की सुटलो, असे मानून लोक टाके काढण्याचीच वाट पाहतात. पण बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी रक्तदाब पुन्हा चढू शकतो, आणि नेमके त्याच सुमारास बाळंतिणीला घरी सोडलेले असते. आकडी त्यानंतरही येऊ शकते. म्हणून पहिल्या आठवड्यात दोन वेळा तरी रक्तदाब मोजून घ्यावा आणि तो सहा आठवड्यांनीही चढाच राहिला तर पुढची तपासणी करावी. गोळ्या सुरू असल्या तरी अंगावर पाजायला हरकत नसते, बहुतेक औषधे त्या हिशेबानेच निवडलेली असतात. ज्या स्त्रीला हा आजार होऊन गेला, तिला पुढील आयुष्यात हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. तेव्हा चाळिशीत छातीत दुखले म्हणून दवाखान्यात गेल्यावर, वीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणात रक्तदाब वाढला होता, हे डॉक्टरांना सांगायला विसरू नये.

(पुढील आठवड्यात : गरोदरपणातील मधुमेह)